‘हे चालतं का?’ : एका खिडकीचा इतिहास

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीच्या चौकात सकाळी सहापासून चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या थांबायला लागतात. त्यांतल्या एका गाडीने माझा भाचा रोज कामाला जातो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात. पाळी संपवून घरी आल्यावर दोन वर्षं रात्री जागून त्याने ‘स्वयम’ या सरकारी व्यासपीठावरचे दोन अभ्यासक्रम पुरे केले. व्हिडिओ पाहून मिळणारी ही प्रमाणपत्रं नव्हेत. रविवारी केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर बसून दिलेल्या परीक्षेची आहेत. पुढे नोकरी करणाऱ्यांसाठीच्या संध्याकाळच्या तुकडीत त्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, आणि अभ्यासक्रमाच्या यादीत पाहतो तर त्यातला एक विषय त्याने आधीच पास केलेला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आम्ही दोघं त्या कॉलेजच्या खिडकीशी गेलो. आतल्या बाई चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. प्रमाणपत्र उलटसुलट पाहून म्हणाल्या, “हे खरं आहे, त्यात शंका नाही. पण आमच्याकडं हे चालतं का, ते बघावं लागेल.”

“कोण बघणार, मॅडम?”

“परीक्षा विभाग. ते अभ्यास मंडळाकडं पाठवतील. काही जीआर असेल तर घेऊन या ना काका.”

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, “मामा, परीक्षा तर मी पास झालोय ना? मग चालतं का म्हणजे काय?”

याच प्रश्नाने मीही एकदा पायऱ्या झिजवल्या आहेत. १९८०च्या दशकात भोसरीत नोकरी करताना मी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या ए आणि बी अशा दोन्ही विभागांच्या परीक्षा दिल्या. सगळे त्याला ‘एएमआयई’ म्हणायचे. ही संस्था १९२० सालची, मुख्यालय कलकत्त्याच्या गोखले रोडवर. वर्ग नाही, हजेरी नाही. पुस्तकं स्वतः मिळवायची, वर्षातून दोनदा परीक्षा व्हायची तिला बसायचं. आमच्या शॉपमध्ये निम्मे डिप्लोमावाले कधी ना कधी त्या फॉर्मच्या वाटेला गेले होते. बहुतेक जण दोन-चार विषय काढून थांबले. मी साडेसहा वर्षं घेतली, पण पुरं केलं. भारत सरकारने ही पात्रता अभियांत्रिकीच्या पदवीशी समकक्ष मानलेली होती. ते पत्रक घेऊन मी एका कॉलेजात एम.ई.च्या प्रवेशासाठी गेलो, तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी पत्रकावर बोट ठेवून विचारलं, “इथं नोकरीसाठी समकक्ष म्हटलंय. प्रवेशासाठी समकक्ष असं कुठं म्हटलंय?” त्या ओळीचा खुलासा करणारं पत्र कलकत्त्याहून येईपर्यंत प्रवेशाची मुदत गेली. पुढच्या वर्षी मुलगी झाली, आणि मी परत गेलो नाही. त्या वेळी मला तो माणूस आडमुठा वाटला होता. नंतर निवृत्तीचा रिकामा वेळ मिळाला आणि ही खिडकी मुळात आली कुठून, हे शोधण्याचा नाद लागला.

गंमत अशी की आपल्याकडचं पहिलं विद्यापीठ शिकवण्यासाठी निघालंच नव्हतं. वुडच्या १८५४च्या खलित्याने लंडन विद्यापीठाचा नमुना सुचवला. त्यानुसार १८५७मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास या तीन ठिकाणी विद्यापीठांचे कायदे झाले. मुंबईचा कायदा १८ जुलैचा, म्हणजे उत्तरेत उठाव ऐन भरात असतानाचा. लंडन विद्यापीठ १८३६पासून फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई, शिकवत कॉलेजं. मुंबईने तेच केलं. १८५९मध्ये पहिली मॅट्रिक झाली, १८६२मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग सुरू व्हायला १९१९ उजाडलं, पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र शिकवायला आले तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मुंबई विद्यापीठ ही केवळ परीक्षा घेणारी कचेरी होती.

मग अशा कचेरीने कुठेही, कसाही शिकलेला माणूस परीक्षेला बसू द्यायला काय हरकत होती? इथे तारखांचा एक खेळ आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. लंडन विद्यापीठाने नेमकं हेच केलं, पण १८५८मध्ये, नव्या सनदेने. त्यानंतर वैद्यक सोडून इतर पदव्यांच्या परीक्षांना कॉलेजचा दाखला लागेनासा झाला. खाणीतला कारकून, शाळामास्तर, वसाहतींमधला कोणीही फी भरून बसू लागला. मुंबईची घडी मात्र त्याच्या एक वर्ष आधी, १८३६च्या जुन्या नमुन्यावर बसून गेली होती. तिच्यात परीक्षेआधी संलग्न कॉलेजात ‘टर्म’ भरावी लागे, आणि ती भरली असा कॉलेजचा दाखला लागे. ‘टर्म ग्रँट झाली का?’ हा प्रश्न पुण्याच्या कॉलेजांत आमच्या पिढीपर्यंत ऐकू येई. तो तिथूनचा आहे. लंडनने दार उघडलं तेव्हा आपण त्याच दाराची जुनी प्रत बसवून मोकळे झालो होतो. १९०४च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजांवरची देखरेख वाढवली, आणि दार आणखी जड झालं.

असं करण्याला कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. परीक्षा म्हणजे पाठांतर, तीन तासांत ओकायचं आणि विसरायचं, ही तक्रार तेव्हाही होती. कॉलेजात दोन वर्षं वावरण्यातून, प्राध्यापकाच्या बोलण्यातून काही मिळतं, जे उत्तरपत्रिकेत उतरत नाही. हे खरं आहे. मी स्वतः एकट्याने शिकलो आहे, म्हणून मला ते जास्त माहीत आहे. थर्मोडायनॅमिक्समधली एक चुकीची समजूत मी चार वर्षं बाळगली, कारण ‘अहो, तसं नाही ते’ म्हणायला कोणी नव्हतं. पण कॉलेजात जाणं ज्यांना शक्यच नव्हतं त्यांच्यासाठी काय, याचं उत्तर त्या व्यवस्थेत नव्हतं.

उत्तर बाहेरून आलं. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. सरकारी सनद नाही. स्वतःची प्रवेश परीक्षा, मातृभाषेतून शिक्षण, आणि पदव्यांची नावंही वेगळी : बी.ए.च्या जागी ‘गृहीतागमा’. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. इमारती झाल्या, मुली शिकल्या. पण कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता मिळायला १९५१ साल लागलं. पस्तीस वर्षं! तोवर प्रत्येक गृहीतागमेला आपली पदवी कुठे धरली जाईल आणि कुठे नाही, हे दार ठोठावूनच कळत असणार. अण्णांच्या चरित्रात आपण त्यांची पायपीट वाचतो, वर्गणीचे आकडे वाचतो. त्या मुलींच्या खिडक्यांचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

टिळकांच्या निधनानंतर १९२१मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, त्याचीही गोष्ट याच जातीची. असहकाराच्या त्या लाटेत अहमदाबादला गुजरात विद्यापीठ निघालं, बनारसला काशी विद्यापीठ. सरकारी विद्यापीठांवर बहिष्कार म्हणून निघालेल्या संस्थांच्या पदव्या सरकारने मान्य कराव्यात ही अपेक्षाच नव्हती. मान्यता समाज देणार होता. काशी विद्यापीठाच्या पदवीचं एकाचं तर आडनावच झालं आणि ते पंतप्रधान झाले : लालबहादूर शास्त्री. पण सगळ्यांच्या पदव्यांना असं नशीब नसतं. टिळक विद्यापीठाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९८७मध्ये.

याच सुमाराला एक तिसरी वाट निघाली, आणि तिच्यावरून महाराष्ट्रातली लाखो घरं गेली आहेत. १९३६मध्ये वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, १९३७मध्ये पुण्यात महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा. ‘प्रबोध’, ‘प्रवीण’, ‘पंडित’, तिकडे ‘कोविद’, ‘रत्न’. माझ्या आईने स्वयंपाक उरकून ‘प्रबोध’ दिली होती. तिचं औपचारिक शिक्षण सातवीपर्यंतचं. या परीक्षांना केंद्र सरकारने मान्यता दिली, पण एका अटीवर : अमुक परीक्षा हिंदीच्या पातळीपुरती मॅट्रिकबरोबर, तमुक पदवीबरोबर, संपूर्ण मॅट्रिक किंवा संपूर्ण पदवी म्हणून नव्हे. मला ही अट पहिल्यांदा कोती वाटली होती. आता वाटतं की पुढे कितीतरी वर्षांनी आलेल्या ‘श्रेयांक’ या कल्पनेचं बीज तिच्यात आहे. अख्खी पदवी नको, पण या विषयातलं एवढं ज्ञान या माणसाकडे आहे आणि ते त्याने आमच्या वर्गात बसून मिळवलेलं नाही, असं सरकारने कागदावर लिहून दिलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांचं तसंच. आमच्या वेळी ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागे. आता त्याचे दहावीला वाढीव गुण मिळतात.

आणि ‘सतरा नंबरचा फॉर्म’ तर कोणाला माहीत नाही? शाळा सुटलेल्याने खाजगी उमेदवार म्हणून दहावी-बारावीला बसायचं ते याच फॉर्मने. ‘तो सतरा नंबरवाला’ असं तुच्छतेने म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्या फॉर्मवर पास होऊन माझ्यापेक्षा चांगले फिटर आणि पुढे सुपरवायझर झालेलेही पाहिलेत.

आता परत आमच्या पट्ट्यात येतो. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, टेल्को आणि बजाज उभ्या राहिल्या. १९७०मध्ये नगरपालिका, १९८२मध्ये महानगरपालिका. मोशी तिच्यात १९९७ला आली. तोवर इंद्रायणीकाठचं नागेश्वर महाराजांचं हे गाव शेतीचंच होतं. या कारखान्यांना माणसं लागत होती ती हाताने काम येणारी, आणि ती आली आयटीआयमधून, तंत्रनिकेतनांतून, १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली. दहा-पंधरा वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला वर सरकायचं तर पदवी हवी, आणि पदवीसाठी नोकरी सोडता येत नाही. एएमआयईचं आमच्याकडचं पीक या जमिनीतलं.

ते पीक एका सरकारी आदेशाने संपलं. २०१२मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ठरवलं की अशा संस्थांच्या परीक्षांची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच राहील. परीक्षा बंद झाल्या नाहीत. पेपर तेच, गुणही तसेच. पण ३१ मेला नाव घातलेला माणूस पदवीधराच्या बरोबरीचा, आणि १ जूनला नाव घातलेला नाही. माझ्या जुन्या शॉपमधल्या एका मुलाने त्या वर्षी दिवाळीनंतर फॉर्म भरायचं ठरवलं होतं. बोनस हातात आल्यावर भरू, असा त्याचा बेत.

याहून विलक्षण गोष्ट २०१७ची. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांनीच त्या घेतल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित. परिषद घेईल त्या परीक्षेत दोन संधींत पास झाले तर पदवी जिवंत. त्यानंतरच्या पदव्या रद्द. ही परीक्षा जून २०१८मध्ये झाली. पंधरा वर्षं अभियंता म्हणून काम केलेली, केस पांढरे झालेली माणसं पुन्हा गणिताची पुस्तकं उघडून बसली. निकालाशी माझं भांडण नाही, विद्यापीठांनी लबाडी केलीच होती. मला त्यात दुसरंच दिसतं. माणसाला येतं की नाही हे शोधायची वेळ खरोखर आली तेव्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटी परीक्षाच सुचवली. हजेरीपत्रक मागितलं नाही.

मोशीवरून जाणारा रस्ता नाशिकला जातो, आणि तिथे १९८९पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीला येता यावं, ही सोय त्याने केली. विद्यापीठ कायद्याने झालेलं, पदवी पूर्ण मान्य, तरीही ‘मुक्तची आहे का?’ असं विचारणारे मुलाखतकार मी स्वतः समोर पाहिलेत. त्यावरून कळतं की खिडकी फक्त कॉलेजात नसते.

अमेरिकेत यावर काय करतात, असं मी न्यू जर्सीतल्या भाचीला विचारलं. तिच्या मुलाने शाळेतच ‘एपी’च्या परीक्षा दिल्या होत्या. तिथे ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था अशा परीक्षा घेते. मोठ्या माणसांसाठीची ‘क्लेप’ नावाची परीक्षा १९६७पासून आहे : २० ते ८० गुणांची पट्टी, आणि बहुतेक विषयांत ५०ला श्रेयांक द्यावेत अशी शिफारस. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. एक कॉलेज ५०ला देतं, दुसरं त्याहून जास्त मागतं, तिसरं देतच नाही. मुलाच्या एपीचंही तसंच झालं. एका विद्यापीठाने तीन विषय धरले, दुसऱ्याने एक. “मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं. “काही नाही मामा, अर्ज करायच्या आधीच प्रत्येकाचा तक्ता छापलेला असतो, तो पाहिला.” म्हणजे नकार तिथेही आहेच. फरक इतकाच की तो परीक्षा देण्याआधी वाचायला मिळतो.

आपल्याकडे तक्ता नाही असं मात्र नाही, हे मला उशिरा समजलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६मध्ये ‘स्वयम’साठी नियमावली केली, तेव्हा मर्यादा २० टक्क्यांची होती. २०२१च्या नियमावलीने ती एका सत्रातल्या अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत नेली. त्याच वर्षी जुलैत श्रेयांकांच्या पेढीचे नियम आले : मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा, सात वर्षांपर्यंत वापरता येतील. स्वयमवर मिळवलेल्या श्रेयांकांचं हस्तांतर कोणत्याही विद्यापीठाने नाकारू नये असंही स्वयमच्या नियमावलीत आहे. हे वाचून मी उड्या मारल्या आणि कागद घेऊन खिडकीशी गेलो. बाईंनी शांतपणे मधलं एक कलम दाखवलं. कोणते अभ्यासक्रम धरायचे ते संस्थेने सत्राच्या सुरुवातीला आपल्या विद्वत सभेकडून ठरवून घ्यायचं असतं, आणि विद्यार्थ्याने संस्थेमार्फत नोंदणी करायची असते. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी कॉलेजात दाखल झालेला आणि मग स्वयमवर गेलेला विद्यार्थी होता. भाचा उलट्या बाजूने आला होता. १८५७ची टर्मच ही, फक्त आता संगणकावर भरायची.

तीन महिन्यांनी लेखी उत्तर आलं. ते मिळावं म्हणून आम्ही प्रश्नही लेखी विचारला होता, एवढं शहाणपण मला कलकत्त्याच्या पत्राने शिकवलं होतं. ‘चालतं का’ असं न विचारता चार गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या : हा अभ्यासक्रम तुमच्या मंजूर यादीत आहे का, असल्यास किती श्रेयांकांचा धरता, गुण पदवीच्या सरासरीत घेता की फक्त उत्तीर्ण दाखवता, आणि प्रवेशाआधी दिलेली परीक्षा धरता का. पहिल्या तिन्हींची उत्तरं समाधानकारक होती. चौथ्याचं उत्तर ‘नाही’ असं होतं. त्याखाली एक ओळ जास्तीची होती, बहुधा त्याच बाईंनी घातलेली : पुढील सत्रासाठी यादीतील इतर अभ्यासक्रमास संस्थेमार्फत नोंदणी केल्यास विचार करता येईल.

भाचा त्या दिवशी चिडला. पास झालेला विषय पुन्हा वर्गात बसून ऐकायचा, तोही आठ तास मशीनजवळ उभं राहून आल्यावर. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू नियम मीच केला होता. मग एका रविवारी आला आणि यादी मागितली. या सत्रात त्याने त्यातला एक अभ्यासक्रम घेतला आहे, कॉलेजचा शिक्का असलेल्या अर्जावर. आधीची दोन प्रमाणपत्रं त्याने माझ्याकडे ठेवायला दिली. मी ती माझ्या गोखले रोडच्या पत्राच्या फाइलीत घातली आहेत. परीक्षा दिवाळीनंतरच्या रविवारी आहे, सकाळची पाळी. आदल्या रात्री कंपनीत त्याची तिसरी पाळी लागली आहे, ती बदलून मिळते का ते तो बघतो आहे.